खाटेजवळची नजर

परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीला, आणि आता विद्यार्थ्यालाही, पहिल्या वर्षी जे शिकवले जाते ते बाहेरच्या माणसाला घरकामाचाच विस्तार वाटण्याचा संभव असतो. खाट तयार करणे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे अंग पुसणे, त्याचे तोंड स्वच्छ करणे, त्याला कुशीवर वळवणे, बेडपॅन देणे, घास भरवणे, ताप व नाडी पाहून केसपेपरवर लिहिणे, एवढ्यासाठी तीन वर्षांची जीएनएम ही पदविका किंवा चार वर्षांची बीएस्सी ही पदवी कशाला हवी, असा प्रश्न सुशिक्षित घरांतही विचारला जातो. १९४७च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमात मात्र ही कामे अगदी आरंभी येतात, आणि त्यामागे सोप्याकडून अवघडाकडे जाण्याचा हिशेब तेवढा नसतो. यांपैकी प्रत्येक काम हे रुग्णाला तपासण्याचे निमित्त असते. अंग पुसताना पाठीवरची त्वचा दिसते, घास भरवताना गिळण्यातला अडथळा कळतो, कुशीवर वळवताना कोणत्या बाजूचा हात स्वतःहून हलत नाही हे ध्यानात येते, आणि बेडपॅन उचलताना लघवीचा रंग व शौचातले रक्त नजरेस पडते. डॉक्टर राउंडच्या वेळी रुग्णाजवळ काही मिनिटे थांबतात. उरलेल्या सगळ्या दिवसरात्रीत रुग्णामध्ये जे बदल होतात ते टिपण्याची जबाबदारी परिचारिकेची असते, आणि या शास्त्राचा पाया हाताच्या सफाईपेक्षा या टिपण्यातच शोधावा लागतो.

आधुनिक परिचर्येची सुरुवात जिच्यापासून मोजली जाते त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे महत्त्वही लोकप्रिय चित्रातल्या दिव्यापेक्षा तिच्या वहीत अधिक आहे. क्रिमियाच्या युद्धात १८५४च्या नोव्हेंबरमध्ये ती ३८ स्त्रियांसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली. परंतु त्या पहिल्या हिवाळ्यात तिथले मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले. १८५५च्या मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, पाणी व हवा यांची व्यवस्था सुधारली, आणि त्यानंतर मृत्यू झपाट्याने उतरले. युद्धानंतर आकडे मांडून पाहताना नाइटिंगेलला या घटनाक्रमाचा अर्थ उलगडला, आणि सेवाभाव कितीही उत्कट असला तरी परिसर अस्वच्छ असेल तर तो रुग्णाला वाचवू शकत नाही, हा निष्कर्ष तिच्या पुढील सर्व लेखनाचा कणा ठरला. तिचे ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे १८५९चे पुस्तक मुळात घरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी लिहिलेले आहे; १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले ते त्यानंतर. त्या पुस्तकातील निरीक्षणावरचे प्रकरण आजही पहिल्या वर्षाच्या वर्गात वाचून दाखवावे अशा योग्यतेचे आहे. रात्र बरी गेली का, असे विचारल्यास उत्तर काहीही येऊ शकते आणि त्यावरून काहीच कळत नाही, म्हणून रुग्ण किती तास आणि कोणत्या वेळी झोपला हे विचारावे, असा तिचा आग्रह होता.

पाहायचे कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन परिचारिकेने दिले. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तिच्या पुस्तिकेत माणसाच्या १४ मूलभूत गरजा सांगितल्या आहेत. श्वास घेणे, खाणेपिणे, मलमूत्रविसर्जन, हालचाल, झोप, कपडे, शरीराचे तापमान, स्वच्छता आणि धोक्यापासून बचाव या शारीरिक गरजांबरोबर आपले मन दुसऱ्याला सांगणे, उपासना, काम, विरंगुळा आणि शिकणे यांचाही तिने समावेश केला. अंगात बळ, मनात इच्छा आणि जवळ ज्ञान असते तर माणसाने जी कामे स्वतःच केली असती त्यांत त्याला साहाय्य करणे, आणि तेही तो शक्य तितक्या लवकर परावलंबनातून बाहेर पडेल अशा रीतीने करणे, म्हणजे परिचर्या, अशी तिची मांडणी आहे. या मांडणीचा उत्तरार्ध आपल्याकडे सहज विसरला जातो. पक्षाघातानंतर उजवा हात दुबळा झालेल्या वडिलांना मुलगी प्रेमाने घास भरवते, तेव्हा ती एक गरज भागवते आणि एक शक्यता बंद करते. प्रशिक्षित परिचारिका त्यांच्या दुबळ्या हातात जाड मुठीचा चमचा देऊन अर्धा तास लागला तरी थांबून राहते, आणि बघणाऱ्याला वाटते की सिस्टर नुसती उभी आहे.

हे सगळे पद्धतशीर व्हावे म्हणून परिचर्या प्रक्रिया नावाची पाच पायऱ्यांची रीत शिकवली जाते. आधी रुग्णाची सर्वांगीण माहिती घ्यायची, तिच्यावरून त्याच्या अडचणीचे परिचर्यानिदान करायचे, मग उद्दिष्ट ठरवून योजना आखायची, ती अमलात आणायची आणि शेवटी काय साधले ते तपासायचे. येथे परिचर्यानिदान ही कल्पना नीट समजून घ्यावी लागते, कारण ते वैद्यकीय निदानाहून निराळे असते. डॉक्टर ‘न्यूमोनिया’ असे निदान करतात ते आजाराचे. त्याच रुग्णाबाबत ‘खोकल्याला जोर नसल्यामुळे कफ बाहेर टाकता येत नाही’ हे परिचर्यानिदान त्या माणसाच्या अडचणीचे असते, आणि त्यावरून त्याला टेकून बसवणे, पाणी पाजणे, दीर्घ श्वास घेऊन खोकायला शिकवणे ही कामे निघतात. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या आजींसाठी ‘चालवणे’ एवढेच लिहून ठेवले तर त्याला योजना म्हणता येत नाही. अमुक दिवशी वॉकर घेऊन दहा पावले, असे लिहिले तरच ते झाले की नाही हे दुसऱ्या पाळीच्या परिचारिकेला ठरवता येते. आपल्याकडील विद्यार्थी ही योजना परीक्षेच्या वहीत रकाने आखून सुबकपणे लिहितात आणि वॉर्डात तिचा मागमूस राहत नाही, ही अध्यापकांनाही अपरिचित गोष्ट नव्हे.

निरीक्षणाचा सर्वात रेखीव भाग म्हणजे शरीर जिवंत व स्थिर असल्याची मोजता येणारी चिन्हे, अर्थात तापमान, नाडी, श्वसन आणि रक्तदाब. आता त्यात बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने मोजलेली रक्तातील प्राणवायूची पातळीही धरतात. वॉर्डात यांपैकी पहिल्या तिहींना मिळून टीपीआर म्हणतात. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिख याने हजारो रुग्णांचे तापमान काखेत मोजून १८६८ मध्ये ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, ही सरासरी रूढ केली. पुढच्या संशोधनात ती किंचित कमी निघाली, आणि एकाच माणसाचे तापमान पहाटे कमी व संध्याकाळी जास्त असते, त्यामुळे या एका आकड्याला फार पावित्र्य देण्याचे कारण नाही. काखेतले तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण अर्ध्या अंशाने कमी भरते, म्हणून ते कोठे मोजले हेही लिहावे लागते. आणि म्हातारपणी गंभीर जंतुसंसर्ग असूनही ताप येत नाही असे घडते, हे तर घरच्यांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रक्तदाबाच्या बाबतीत यंत्रापेक्षा बेफिकिरीच अधिक फसवते. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला तर आकडा खोटाच वाढलेला दिसतो, हात हृदयाच्या पातळीखाली लोंबत असला तरी तसेच होते, आणि जिना चढून आलेल्या माणसाला पाच मिनिटे शांत न बसवता मोजलेला दाब त्या जिन्याचा असतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सुटा आकडा फारसे सांगत नाही, त्याची चाल सांगते. ११०/७० हा दाब पुस्तकाप्रमाणे उत्तम, पण ज्याचा नेहमीचा दाब १६०च्या घरात आहे त्याच्या बाबतीत तोच आकडा धोक्याचा असू शकतो. बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर आत रक्तस्राव होत असेल तर तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाची गती वाढवून दाब बराच काळ सावरून धरते. एकूण रक्ताच्या सुमारे ३० टक्के रक्त गेल्यावर दाब घसरतो, मात्र नाडी त्याआधीच ८० वरून १०० आणि १०० वरून १२० अशी चढत गेलेली असते. दर पंधरा मिनिटांनी नाडी मोजून लिहिणाऱ्या परिचारिकेच्या कागदावर ही चढण दिसते, आणि केवळ दाब बघून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याला ती दिसत नाही.

या सर्व चिन्हांत सर्वात बोलके आणि सर्वात दुर्लक्षित चिन्ह म्हणजे श्वसनाचा वेग होय. प्रौढ माणूस विसावलेल्या स्थितीत मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. फुप्फुसाचा आजार असो, रक्तातील जंतुसंसर्ग असो, मधुमेहात रक्त आम्ल झालेले असो किंवा हृदय थकत चाललेले असो, शरीर प्रथम श्वास वाढवून ती तूट भरून काढू पाहते. म्हणून रुग्ण अत्यवस्थ होण्याच्या कित्येक तास आधी हा आकडा बदललेला असतो. तो मोजायला यंत्र लागत नाही, घड्याळ आणि एक पूर्ण मिनिट लागते. आपला श्वास मोजला जातो आहे हे कळताच माणूस तो नकळत बदलतो, यासाठी नाडी मोजून झाल्यावर मनगटावरची बोटे तशीच ठेवून नजर छातीकडे वळवायची, ही युक्ती पहिल्याच वर्षी शिकवली जाते. तरीही अनेक तक्त्यांवर श्वसनाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, २० असे लिहिलेले आढळते, आणि ही सवय जगभरच्या रुग्णालयांची आहे. ऑक्सिमीटरने ती आणखी बळावली, कारण बोटावर ९७ दिसले की श्वास मोजण्याची गरज वाटेनाशी होते. प्रत्यक्षात मिनिटाला ३० श्वास घेऊन टिकवलेले ९७ आणि १६ श्वासांत आलेले ९७ यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. शिवाय थंड पडलेले बोट किंवा गडद नेलपॉलिश यामुळे हे यंत्र चुकते, आणि सावळ्या त्वचेवर ते पातळी थोडी जास्त दाखवण्याकडे झुकते, ही बाब अलीकडच्या अभ्यासांतून पुढे आली आहे.

त्वचेच्या रंगाचा हाच मुद्दा बेडसोअर किंवा शय्याव्रण या दुसऱ्या मोठ्या विषयात अधिक तीव्रतेने येतो. माकडहाड, टाचा, खुबे, खांदे, कोपरे अशा ज्या जागी हाड त्वचेच्या लगेच खाली असते तिथे अंथरुणाच्या दाबाने रक्तपुरवठा तुटतो, आणि काही तासांतच ऊती मरू लागतात. त्याची पहिली खूण म्हणजे बोटाने दाबल्यावर पांढरी न पडणारी लाली, असे पाठ्यपुस्तके सांगतात. परंतु ही पुस्तके गोऱ्या कातडीकडे पाहून लिहिली गेली. सावळ्या पाठीवर ती लाली दिसतच नाही, तिथे हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा दुखरी लागते का हे पाहावे लागते. प्रतिबंधाचे नियम साधे आहेत. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, आणि ती बदलताना रुग्णाला ओढू नये, कारण ओढताना कातडी चादरीला चिकटून राहते व आतले मांस पुढे सरकते. दोघांनी आडव्या चादरीवर उचलून त्याला हलवावे. टाचांखाली नव्हे तर पोटऱ्यांखाली उशी ठेवावी, चादरीला सुरकुती नसावी, लघवीने ओली झालेली जागा लगेच कोरडी करावी आणि आहारात पुरेशी प्रथिने असावीत. लाल झालेली जागा स्पिरिट व पावडर लावून चोळण्याची आणि रबरी कड्यावर बसवण्याची जुनी रीत मात्र आता चुकीची ठरली आहे, कारण चोळण्याने दुबळ्या ऊतींना इजा होते आणि कड्यामुळे भोवतालचा रक्तप्रवाह दबतो. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने वृद्ध रुग्णांवर केलेल्या आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून हे स्पष्ट झाले की त्वचेवर काय चोळले यापेक्षा दाब किती वेळा हटवला यालाच महत्त्व आहे. त्यातूनच धोका आधी ओळखण्याची गुणपद्धती निघाली. पुढे १९८७ मध्ये आलेली ब्रॅडन मापनपट्टी संवेदना, ओलावा, वावर, हालचाल, आहार आणि घर्षण या सहा बाबींना गुण देते, आणि २३ पैकी १८ किंवा त्याहून कमी गुण आले तर रुग्णाला धोका आहे असे मानले जाते.

हात धुण्याबद्दल शाळेपासून इतके सांगितले गेले आहे की येथे थोडक्यात आवरता येईल. इग्नाझ सेमेलवाइस याने १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टरांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराचे मृत्यू एकदम उतरले. तरी त्या काळच्या वैद्यकाने ते मनावर घेतले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग नेमून दिले आहेत, ते असे: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, शरीरातील द्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या भोवतालच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. यांतला शेवटचा प्रसंग अनेकदा चुकतो, कारण खाटेचा कठडा किंवा सलाईनचा स्टँड कोणी ‘रुग्ण’ समजत नाही. हातमोजे घातले की हात धुण्याची गरज उरत नाही, हा समजही तितकाच घातक आहे.

औषध देण्याच्या कामात योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पाच सूत्रे प्रत्येकाला पाठ असतात. चुका होतात त्या ती लागू करताना. ‘तुम्ही सुनंदाबाई ना?’ असे विचारले तर अर्धवट झोपेतली किंवा कमी ऐकू येणारी कोणतीही बाई मान डोलावते, म्हणून ‘तुमचे पूर्ण नाव सांगा’ असेच म्हणायचे असते. नाइटिंगेलने झोपेबद्दल सुचवलेल्या प्रश्नाचेच हे दुसरे रूप आहे. मात्रेच्या बाबतीत भारतात इन्शुलिनचे उदाहरण शिकण्यासारखे आहे. येथे एका मिलिलिटरमध्ये ४० एकके आणि १०० एकके अशा दोन तीव्रतांचे इन्शुलिन मिळते व त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात, एकीचे टोपण लाल तर दुसरीचे नारिंगी. ४०च्या सिरिंजमध्ये १००चे इन्शुलिन २०च्या खुणेपर्यंत भरले तर शरीरात २० नव्हे, ५० एकके जातात, आणि रक्तातील साखर झपाट्याने उतरून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. सलाईनचे गणितही असेच हातचे असावे लागते: ५०० मिलिलिटर आठ तासांत द्यायचे आणि नळीचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर असेल, तर मिनिटाला सुमारे २१ थेंब पडायला हवेत.

वेदनेला मात्र गणित नाही. मार्गो मॅकॅफरी या परिचारिकेने १९६८ मध्ये असे मांडले की अनुभवणारा माणूस जिला वेदना म्हणतो ती वेदनाच, बाहेरच्याने तिची खातरजमा करत बसू नये. शून्य ते दहा या मापावर किती दुखते, असे विचारण्याची पद्धत रूढ आहे, परंतु ग्रामीण रुग्णाला आकड्यापेक्षा प्रकार सांगणे सोपे जाते आणि तो अधिक उपयोगीही असतो. गळवात ठणका लागतो, मूतखड्यात कळा येतात, लचकलेल्या कमरेत चमक भरते, मज्जातंतू दुखावला तर आग होते किंवा मुंग्या येतात. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते, असे सांगणाऱ्याने पुढे ‘गॅस असेल’ अशी पुस्ती जोडली तरी परिचारिकेने ती बाजूला ठेवायची असते. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळहून आलेल्या कित्येक परिचारिका हे सारे शब्द वॉर्डातच, रुग्णांकडून शिकतात.

महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत या कामाची उतरंड अधिपरिचारिका, परिसेविका आणि अधिसेविका अशी आहे, म्हणजेच बोलीत स्टाफ नर्स, इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रन. कागदावर मूलभूत काळजी अधिपरिचारिकेची. व्यवहारात अंग पुसणे, भरवणे आणि कूस बदलणे नातेवाइकांकडे आणि बेडपॅन मावशींकडे गेलेले दिसते, तर परिचारिका इंजेक्शने, सलाईन आणि नोंदवह्या यांत गुंतलेली असते. यात कोणाचा आळस शोधण्यापेक्षा हिशेब करून पाहावा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण वॉर्डात शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. रात्रपाळीत एका परिचारिकेकडे ४० खाटा असतील तर प्रत्येकाचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजण्यातच ४० मिनिटे जातात, खाटेपासून खाटेपर्यंतचे चालणे आणि लिहिणे वेगळे; मग रकान्यात २०, २० असे का उतरते याचा उलगडा होतो. परंतु काम दुसऱ्याकडे गेले की त्याबरोबर निरीक्षणही जाते. बेडपॅनमधले काळे शौच मावशींनी ओतून टाकले तर पोटातला रक्तस्राव कोणाला कळत नाही, आणि नातेवाइकाने लघवी न मोजता फेकली तर ६० किलोच्या रुग्णाला तासाला किमान ३० मिलिलिटर लघवी होते आहे की नाही, हे सांगायला कोणीच उरत नाही. म्हणून जिथे माणसे कमी आहेत तिथे नातेवाइकांना आणि मावशींना काय पाहायचे व काय फेकायचे नाही हे शिकवणे, हेही आता परिचर्येच्या मूलभूत कौशल्यांतच धरायला हवे.

ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये रुग्णाच्या ढासळण्याची पूर्वसूचना देणारी गुणपद्धती आखली, आणि २०१७ मध्ये ती सुधारली. तीत श्वसन, प्राणवायू, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान यांना गुण दिले जातात. बेरीज पाचवर गेली तर तातडीने आणि सातवर गेली तर आणीबाणी समजून डॉक्टरांना बोलवावे असा नियम आहे. श्वास मिनिटाला २५ किंवा त्याहून अधिक असला की एकट्या श्वासाचेच तीन गुण होतात. सुधारित आवृत्तीत तेवढेच तीन गुण नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला दिले गेले, आणि तो मात्र यंत्राने मोजता येत नाही; तो बहुधा खाटेजवळ बसलेल्या माणसाच्या तोंडूनच ऐकू येतो, ‘सिस्टर, बाबा आज काहीतरी वेगळंच बोलतायत’ अशा शब्दांत.